ट्रान्सप्लान्टच्या पोस्टिंगला आलात? पहिल्या रिट्रीव्हलला (म्हणजे डोनरचे अवयव काढायला) जायच्या आधी हे वाचून जा

दर सहा महिन्यांनी नवीन बॅच येते आणि पहिल्याच आठवड्यात रात्री साडेअकराला मेसेज येतो, मॅडम पहाटे रिट्रीव्हलला चल म्हणालेत, काय वाचून येऊ? आता साडेअकराला काय वाचणार, झोप म्हणते मी. पण ते उत्तर काही कामाचं नाही हे मलाही कळतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. ज्यांनी हर्निया, अपेंडिक्स, थोडाफार ट्रॉमा केलाय पण ट्रान्सप्लान्टच्या थिएटरात अजून पाऊल टाकलेलं नाही त्यांच्यासाठी आहे हे. तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल वेगळा असेल तर तोच पाळायचा, इथलं वाचून तिथे वाद घालायला जाऊ नका.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. बाकी कुठल्याही ऑपरेशनमध्ये तुमची चूक तुमच्याच डोळ्यासमोर येते, ब्लीडिंग होतं, मॉनिटर बोंबलतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी पेशंट वॉर्डात तुमच्याकडे बघत पडलेला असतो. रिट्रीव्हलचं तसं नाही. टेबलवरचा माणूस गेलेला आहे आणि ज्याच्यासाठी तुम्ही राबताय तो दुसऱ्याच थिएटरात, कधी कधी दुसऱ्याच गावात, वाट बघत झोपलाय. तुम्ही इथे केलेली चूक तिथे काही तासांनी बॉक्स उघडल्यावर कळते, आणि तुम्ही गप्प बसलात तर क्लॅम्प (रक्तवाहिनी बंद ठेवणारा चिमटा) सोडल्यावर कळते. म्हणून नवीन मुलामुलींचा हात किती चालतो हे मी पहिले दोन महिने बघतच नाही, तोंड उघडतं का तेवढं बघते. का ते पुढे येईल, माझीच गोष्ट आहे.

फोन आल्यावर

कॉल आला की चार गोष्टी विचारून लिहून घ्या. डोनरचा ब्लड ग्रुप, उंची-वजन, कुठकुठले अवयव जाणारेत आणि क्लॅम्पची, म्हणजे डोनरचं रक्त थांबवून अवयव थंड करायला घ्यायची, अंदाजे वेळ. लूप्स (भिंगाचा चष्मा) वापरत असाल तर ते आत्ताच बॅगेत टाका, उभं राहायचे बूट टाका आणि जेवून निघा, कारण तिथे पोचल्यावर पहिलं काम म्हणजे थांबणं. तीन-तीन तास थांबणं. नवीन लोक वैतागतात की सगळे तयार आहेत मग अडलंय कुठे, तर ते घड्याळावर अडलेलं असतं. हार्ट थंडीत साधारण ४ ते ६ तासच धरतं, लिव्हरला ८ ते १२ तास मिळतात, किडनी २४ तास किंवा थोडं वर पण निभावते (निभावते म्हणजे चालढकल करायची असं नाही, जितकं लवकर तितकी ती लवकर कामाला लागते). म्हणजे हार्ट जाणार असेल तर हार्टवाल्यांचा रेसिपिएंट (अवयव घेणारा पेशंट) तिकडे टेबलवर आल्याशिवाय इथे कोणी क्लॅम्प लावत नाही आणि बाकी सगळे त्यांच्या वेळेने चालतात.

थंड केल्यावर अवयव झोपतो असं आपण सहज म्हणतो पण तो पूर्ण झोपत नाही. ४ डिग्रीला पेशींचं काम साधारण एक दशांशावर येतं, बंद होत नाही. ऊर्जा संपत जाते, सोडियमचा पंप मंदावतो, पाणी आत शिरतं आणि पेशी फुगतात. प्रिझर्व्हेशन सोल्युशन हे फुगणं रोखायलाच बनवलेलं असतं. यू-डब्ल्यू (युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिन) हे असंच सोल्युशन, तिथल्या बेल्झर आणि साउदर्ड यांनी १९८० च्या दशकात बनवलं, त्यात पोटॅशियम लिटरमागे १२५ मिलिमोलच्या आसपास असतं, आपल्या रक्तात ते साडेतीन ते पाच. हा आकडा लक्षात ठेवा, लिव्हर जोडताना लागणार आहे.

ब्रेन डेथचं तुम्हाला काय माहीत हवं

डिक्लेअर करणं तुमचं काम नाही. ट्रान्सप्लान्ट टीममधल्या कोणीही त्यात असायचं नसतं आणि नातेवाइकांकडे दानाचा विषयही आपण काढायचा नाही, त्यासाठी ट्रेनिंग घेतलेले कोऑर्डिनेटर असतात. ज्याला किडनी हवीय त्यानेच हा माणूस गेला म्हणून सांगणं कसं दिसेल याचा विचार करा म्हणजे नियम पाठ करावा लागणार नाही. पण टेस्ट कशी असते ते माहीत असायलाच हवं. १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने निकष मांडले तिथून ही व्याख्या रुळत गेली. कोमाचं कारण ठाऊक हवं, अंगात गुंगीची औषधं उरलेली नकोत, तापमान ३६ च्या वर हवं, ब्रेनस्टेमचे सगळे रिफ्लेक्स गेलेले हवेत आणि मग ॲप्निया टेस्ट. व्हेंटिलेटर काढून ऑक्सिजन चालू ठेवायचा आणि छातीकडे बघत राहायचं. कार्बन डायऑक्साइड ६० च्या वर, किंवा आधीपेक्षा २० ने वर चढला तरी एक श्वास नाही, तर श्वासाचं केंद्र संपलेलं आहे.

हे सांगायचं कारण असं की थिएटरमध्ये इन्सिजन घेताना डोनरचा हात हलू शकतो. बीपी आणि पल्स एकदम वर जाऊ शकतं. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते, माझी सरकली होती. हे स्पायनल कॉर्डचे रिफ्लेक्स असतात, मेंदूशी त्यांचा संबंध नसतो, आणि म्हणूनच ॲनेस्थेटिस्ट आधीच मसल रिलॅक्संट देऊन ठेवतात. तुम्हाला शंका आली तर तिथल्या तिथे शांतपणे विचारा, मनात घेऊन घरी जाऊ नका.

आयसीयूतल्या गोष्टी थोडक्यात. मेंदू गेला की एडीएच (लघवी आवरून धरणारं हार्मोन) गेलं, म्हणून लघवीचा नळ उघडल्यासारखा होतो, सोडियम चढतं, मग व्हॅसोप्रेसिन किंवा डेस्मोप्रेसिन लागतं. रक्तवाहिन्यांचा टोन जातो, बीपी पडतं, अंग थंड पडत जातं. सोडियम १५५ च्या खाली ठेवायची धडपड लिव्हरवाल्यांसाठी असते. हृदय बंद पडल्यानंतरचं दान हा वेगळा प्रकार आहे, त्यात वॉर्म इस्केमियाचं (अवयव गरम असतानाच रक्ताविना राहतो त्या वेळेचं) गणित वेगळं आणि घाई खरी, पण पहिल्या रिट्रीव्हलला तो बहुतेक वाट्याला येत नाही.

थिएटरमध्ये: आधी कागद, मग पिशव्या

स्क्रब करायच्या आधी कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ओळख, ब्लड ग्रुपचा ओरिजिनल रिपोर्ट, मृत्यू डिक्लेअर केल्याची कागदपत्रं, व्हायरल मार्कर्स, आणि संमतीपत्रात नक्की कुठल्या अवयवांना हो म्हटलंय ते. सीनियर बघतोच पण तुम्हीही बघा. बऱ्याच ठिकाणी सुरू करायच्या आधी सगळे हात बांधून अर्धा मिनिट शांत उभे राहतात. त्या वेळी मोबाइल खिशात हवा, सायलेंटवर.

आता पिशव्या. पहिल्या खेपेला तुम्हाला बहुतेक परफ्युजनच्या (अवयवांत थंड सोल्युशन सोडायच्या) पिशव्यांपाशी उभं करतील आणि तुम्हाला वाटेल आपल्याला हमाली दिली. अजिबात नाही. नळीत हवा राहिली आणि तो बुडबुडा किडनीच्या आर्टरीत गेला तर तेवढ्या भागात थंड सोल्युशन पोचतच नाही, तो तुकडा गरमच राहतो. म्हणून लाइन भरताना ड्रिप चेंबर अर्धं भरायचं, नळी पूर्ण सोडून टोकातून धार येईपर्यंत थांबायचं, मधल्या कनेक्टरवर आणि वळणांवर बोटाने टिचक्या मारायच्या कारण बुडबुडे तिथेच चिकटून बसतात, मग क्लॅम्प. पिशवी बर्फातून शेवटच्या क्षणी काढायची. आणि सोल्युशन सुरू झाल्यावर पिशवी संपत आलीय हे तुम्ही ओरडून सांगायचं, कोणी विचारायची वाट बघायची नाही, कारण आतले तिघे पोटात डोकं घालून बसलेत, वर कोण बघतंय. रिकामी पिशवी म्हणजे पुढचा घोट हवेचा.

पोट उघडल्यावर

इन्सिजन गळ्याच्या खालच्या खळगीपासून प्यूबिसपर्यंत, स्टर्नम (छातीचं मधलं हाड) उघडून. एवढं मोठं एक्स्पोजर दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनला फारसं मिळत नाही, ॲनाटॉमी शिकायची तर इथेच. आधी चाचपणी. आतडं हातातून फिरवायचं, लिव्हर बघायचं, गाठ-बिठ काही सापडली तर थांबून सांगायचं, कारण डोनरमधला कॅन्सर रेसिपिएंटमध्ये जाऊ शकतो. लिव्हरची कड धारदार आहे की बोथट, रंग तपकिरी की पिवळट, हे सीनियर बोलत असतो ते ऐका, फॅट किती आहे याचा पहिला अंदाज तिथेच लागतो.

मग उजवं कोलन आणि लहान आतड्याची मुळं सोडवून सगळं डावीकडे वर उचलायचं, म्हणजे कॅटेल-ब्राश. खाली आयव्हीसी (सगळ्यात मोठी व्हेन) आणि एओर्टा (सगळ्यात मोठी आर्टरी) हमरस्त्यासारखे लख्ख दिसतात. एओर्टाच्या खालच्या टोकाला, दोन फाटे फुटायच्या जरा वर, दोन टेप टाकून ठेवतात. ही टेप सगळ्यात आधी टाकतात याचं कारण असं की डोनर मध्येच कोसळला तर दोन मिनिटांत कॅन्युला (सोल्युशन सोडायची नळी) आत घालता आली पाहिजे, बाकी नाजूक काम नंतर.

नाजूक काम म्हणजे लिव्हरच्या आर्टरीचे नखरे. दहातल्या एक-दोघांत उजवी हिपॅटिक आर्टरी सुपीरियर मेसेंटेरिकमधून (आतड्याच्या मोठ्या आर्टरीतून) येते आणि पोर्टल व्हेनच्या मागून वर चढते, काहींत डावी हिपॅटिक लेफ्ट गॅस्ट्रिकमधून येऊन लेसर ओमेंटममधून (जठर आणि लिव्हरमधल्या पडद्यातून) जाते. ओमेंटमचा तो पातळ पडदा बघून हात शिवशिवतो, डायथर्मी (विजेने जाळून कापणं) मारून मोकळं होऊ असं वाटतं, तसं करायचं नाही. आधी उजेडासमोर धरून बघायचं, बोटात धरून नाडी लागते का बघायची. उजवीसाठी बोट फोरामेन ऑफ विन्सलोमध्ये (तिथल्या फटीत) घालून पोर्टलच्या मागे चाचपायचं. तुमचं बोट आत जाऊ देतील तेव्हा घाई करू नका, ती नाडी एकदा बोटाला कळली की आयुष्यभर विसरत नाही.

सगळ्या टीम तयार झाल्या की हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध), साधारण किलोमागे ३०० युनिट, आणि तीनेक मिनिटं थांबायचं. वजन का विचारलं होतं ते आता कळलं. खाली एओर्टा बांधून कॅन्युला वर सरकवायची पण टोक रीनल आर्टरीच्या खालीच राहिलं पाहिजे, जास्त आत ढकललं तर तिचंच तोंड बंद होतं. मग वर क्लॅम्प, खाली सोल्युशन चालू, आयव्हीसीला वेंट (रक्त बाहेर पडायला वाट), पोटात बर्फाचा स्लश. वेळ मोठ्याने सांगायची आणि बोर्डावर लिहायची. हे सगळं दहा सेकंदांत होतं आणि मग ॲनेस्थेटिस्ट मॉनिटर बंद करतात. बीप थांबतो. लंग जाणार असतील तर व्हेंटिलेटर थोडा वेळ चालू असतो, नाहीतर तोही थांबतो. त्या शांततेबद्दल मला कोणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून मी सांगतेय. हात थांबू देऊ नका, लिव्हरचा रंग बघा, तपकिरीचा फिकट होत जातो, किडनीला हात लावा, गार लागली पाहिजे. दोन्ही गार आहेत का? एक गार आणि एक कोमट लागली तर लगेच बोला, बहुतेक कॅन्युलाचं टोक नडलेलं असतं.

काढायचा क्रम हार्ट, लंग, लिव्हर, पॅनक्रियाज, किडनी असा साधारण असतो. लिव्हरच्या वेळी बाइल डक्ट आणि गॉलब्लॅडर धुऊन काढतात कारण आत राहिलेलं पित्त डक्टचं अस्तर खातं. इलियाक आर्टरी आणि व्हेनही काढून सोबत देतात, तिकडे तुकडा जोडायला लागलाच तर हाताशी असावा म्हणून. स्प्लीनचा तुकडा आणि लिम्फ नोड क्रॉसमॅचसाठी (डोनर आणि रेसिपिएंट जुळतात का ते बघायला), ते विसरलात तर रात्री दोनला कोणीतरी तुमच्या नावाने शंख करणार.

किडनी, आणि माझी गोष्ट

किडनीचे तीन नियम. एक, आर्टरी एओर्टाच्या पॅचसकट काढायची, चारातल्या एकाला तरी एकाहून जास्त आर्टरी असतात, म्हणून एओर्टा मधोमध उघडून आतून तोंडं मोजायची, बाहेरून अंदाज बांधायचा नाही. दोन, आयव्हीसी उजव्या किडनीसोबत ठेवायची कारण उजवी व्हेन आखूड असते आणि आयव्हीसीच्या भिंतीतून ती लांब करून घेता येते. तीन, युरेटरच्या (लघवी ब्लॅडरकडे नेणाऱ्या नळीच्या) आजूबाजूचं फॅट सोलायचं नाही. किडनीचं खालचं टोक, हायलम (रक्तवाहिन्या आत शिरतात ती जागा) आणि युरेटर यांच्यामधला तो तिकोना जसाच्या तसा राहू द्या, रेसिपिएंटमध्ये गेल्यावर युरेटरला रक्त फक्त तिथून येणार असतं.

मी रेसिडेंट असताना बॅक टेबलवर (काढलेला अवयव साफ करायच्या वेगळ्या टेबलवर) उजव्या किडनीचं फॅट साफ करत होते. पहाटेचे चार. खालच्या टोकाकडे एक दोरा दिसला, पांढरट, दीड-दोन मिलिमीटरचा, मला वाटलं लिम्फॅटिक, कात्री लावली. कापल्यावर बघितलं तर गोल तोंड, जाड भिंत, आर्टरी. लोअर पोलर, किडनीच्या खालच्या टोकाची. म्हणजे नेमकी जी युरेटरला पोसते तीच. सीनियर पलीकडे लिव्हर पॅक करत होते, माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं आणि मी मूग गिळून बसले. खोटं कशाला सांगू, सात-आठ मिनिटं बसले. डोक्यात काय काय येऊन गेलं, एवढीशी तर आहे, त्यांना दिसेलच, बॉक्समध्ये गेल्यावर कोणाला कळणार कोणी कापली. मग बॅग बांधायची वेळ आली तेव्हा तोंडातून निघालं, सर, लोअर पोलर कापली गेलीय माझ्याकडून. ते आले, लूप्समधून बघितलं, काही बोलले नाहीत, त्या टोकाला निळ्या प्रोलीनच्या धाग्याचा एक टाका खूण म्हणून घातला, फॉर्मवर लिहिलं आणि रेसिपिएंट सर्जनला तिथूनच फोन लावला. तिकडच्यांनी इन्सिजन घेतानाच इन्फीरियर एपिगॅस्ट्रिक आर्टरी (पोटाच्या भिंतीतली) जपून ठेवली आणि ती पोलर तिला जोडली. फोन गेला नसता तर एपिगॅस्ट्रिक सवयीने बांधून कापली गेली असती, म्हणजे दुरुस्तीची वाटच बंद.

मला ओरडा बसला तो कापल्याबद्दल नाही, त्या सात-आठ मिनिटांबद्दल.

तेव्हा बॅक टेबलवर हे करायचं. भांड्यात स्लश, त्यावर कापड, त्यावर किडनी, बर्फ थेट टेकवायचा नाही, टिश्यू गोठतं. फॅट काढायचं ते बाहेरच्या कडेने, हायलममध्ये खोल शिरायचं नाही. डाव्या व्हेनला गोनॅडल, ॲड्रीनल आणि लंबर फाटे असतात ते बांधायचे. शंका असलेला प्रत्येक दोरा कापायच्या आधी सीनियरला दाखवायचा. मग आर्टरीतून सोल्युशन सोडून गळती बघायची, जिथे गळतं तिथे बांधायचं. पॅकिंग तीन पिशव्यांत, पहिलीत अवयव आणि प्रिझर्व्हेशन सोल्युशन, बाहेरच्या दोन गळती आणि बर्फापासून वाचवायला, प्रत्येकीची हवा काढून वेगळी बांधायची, मग बर्फाचा बॉक्स. लेबल लावताना डावी की उजवी हे मोठ्याने म्हणायचं आणि दुसऱ्याने ऐकून हो म्हणायचं. हसू येतं ना, पण पहाटे पाचला डावं-उजवं चुकतं, भल्याभल्यांचं चुकतं.

बंद करणं तुमच्याकडे आहे

अवयव बॉक्समध्ये गेले की सीनियर बॉक्ससोबत पळतात आणि मागे उरता तुम्ही, सिस्टर आणि डोनर. हे काम मनापासून करा. आतलं सगळं पाणी सक्शन करून काढा, बर्फाचे तुकडे वेचा (राहिला तर वितळून नंतर जखमेतून पाणी येतं आणि ते नातेवाइकांना दिसतं), स्टर्नम जवळ आणा, मग जाड धाग्याने सलग, जवळजवळ टाके, गळणार नाही असे. स्किनचं टोक वर-खाली होऊ देऊ नका, एकसारखं शिवा. टेप, लाइन, ट्यूब काय काढायचं आणि काय ठेवायचं ते कोऑर्डिनेटरला विचारा. अंग कोमट पाण्याने पुसायला सिस्टरला हात लावा. आणि त्या खोलीत बोलताना माणसाचं नाव घ्या, बॉडी-बॉडी करू नका. हार्व्हेस्ट हा शब्द तर टाकूनच द्या, पीक कापल्यासारखा वाटतो.

दुसऱ्या टोकाला: किडनी बसवताना

किडनी जुन्या जागी बसवत नाहीत, ओटीपोटात बाजूला, इलियाक फॉसामध्ये, पेरिटोनियमच्या (पोटाच्या आतल्या पडद्याच्या) बाहेर बसवतात, जुन्या किडन्या बहुतेक वेळा आहेत तिथेच राहतात. बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी डिसेंबर १९५४ मध्ये जुळ्या भावांत पहिलं यशस्वी ट्रान्सप्लान्ट केलं तेव्हाही ओटीपोटातच बसवली होती. इलियाक व्हेसल्स मोकळ्या करताना वर जी जाळी दिसते ती लिम्फॅटिक्सची, ती बांधून कापायची, नाहीतर महिन्याने लिम्फोसील, म्हणजे तिथे लिम्फ साठून राहतं.

आधी व्हेन, ५-० प्रोलीनने, मग आर्टरी, ६-० ने, दोन्ही एंड टू साइड, म्हणजे एकीचं टोक दुसरीच्या बाजूला. किडनी बर्फातून बाहेर आली की घड्याळ पुन्हा चालू, जोडेपर्यंत ती गरम होत असते, म्हणून स्लशच्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवतात आणि ती धरणारा असिस्टंट म्हणजे तुम्ही. हात दुखतो, खांदा भरून येतो, पण हलायचं नाही, आणि व्हेसल्सना पीळ पडत नाहीये ना याच्यावर डोळा ठेवायचा. क्लॅम्प सोडायच्या आधी ॲनेस्थेटिस्टना सांगून बीपी वर हवं. सोडला की राखाडी किडनी काही सेकंदांत गुलाबी होते, हाताला घट्ट लागते, आणि नशीब असेल तर युरेटरच्या टोकातून लघवीचा थेंब. कितीही वेळा बघा, थिएटरमध्ये सगळे एकाच वेळी श्वास सोडतात. लिव्हरच्या वेळी मात्र सोडायच्या आधी ग्राफ्ट (बसवलेला अवयव) धुऊन घेतात, ते १२५ पोटॅशियम थेट हृदयात गेलं तर हृदय थांबू शकतं. युरेटर ब्लॅडरला जोडून आत डीजे स्टेंट (आधाराची बारीक नळी) ठेवतात, तो काही आठवड्यांनी काढायचा असतो. तारीख डिस्चार्ज कार्डवर ठळक लिहा, विसरलेले स्टेंट दगड होऊन परत येतात.

टाका शिकायचा कसा

थिएटरमध्ये आर्टरी मिळायची वाट बघत बसू नका. ग्लोव्हचं बोट कापा, पुठ्ठ्यावर टाचा, मधोमध चीर द्या आणि दुसरं बोट त्याला एंड टू साइड जोडा. ते जमलं की सिलिकॉनची नळी, मग कोंबडीच्या मांडीतली आर्टरी, ती खऱ्यासारखी वागते, चिमट्याने धरली की फाटते. सिरिंजने पाणी सोडायचं आणि गळतंय तिथे बघायचं की टाका लांब पडलाय की धागा ढिला. नियम थोडे आहेत पण मोडले की दिसतात. आतल्या अस्तराला चिमटा लावायचा नाही, बाहेरची कड धरायची. प्रोलीनला नीडल होल्डरने चावायचं नाही, चावलेली जागा पुढे तुटते. सुईच्या गोलाईने मनगट फिरवायचं, ढकलायचं नाही. रेसिपिएंटच्या आर्टरीत कॅल्शियम असेल तर सुई आतून बाहेर काढायची, बाहेरून आत घातली तर प्लाक सुटून अस्तराची झडप होते. गाठ बांधताना बोटं ओली करायची आणि गाठी सहा-सात तरी द्यायच्या, प्रोलीनला आठवण असते, ते सुटायलाच बघतं.

ॲलेक्सिस कॅरेलने लिऑनमधल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून बारीक सुईचं काम शिकलं, १९०२ मध्ये रक्तवाहिन्या जोडायची पद्धत छापली आणि १९१२ मध्ये नोबेल घेतलं. तीन स्टे टाके घालून गोल तोंडाचा त्रिकोण करायची त्याची युक्ती आजही तशीच वापरतो. तेव्हा घरी कोणी शिवणटिपण करत असेल तर धागा कसा ताणतात ते जरूर बघा, मी गंमत करत नाहीये.

वॉर्ड

लघवी दर तासाला मोजायची. अचानक थांबली तर आधी कॅथेटर बघा, गुठळी अडकलेली असते, तिथे नसेल तर लगेच सीनियर आणि डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी), सकाळपर्यंत थांबायचं नाही. ज्यांच्या स्वतःच्या किडन्या थोडी लघवी करत होत्या त्यांच्यात लघवी आली म्हणून निर्धास्त होऊ नका, ती जुन्यांची असेल.

टॅक्रोलिमसची (शरीराने नवीन किडनी नाकारू नये म्हणून द्यायच्या औषधाची) रक्तातली लेव्हल सकाळच्या डोसच्या आधी, म्हणजे आदल्या डोसनंतर १२ तासांनी. डोस देऊन मग रक्त घेतलं की लेव्हल खोटी वर दिसते, मग कोणीतरी डोस कमी करतं आणि आठवड्याने क्रिएटिनिन वर, म्हणजे किडनी बिघडायला लागली. त्यामुळे सिस्टर गोळ्यांची ट्रॉली घेऊन निघायच्या आधी ट्यूब भरलेली हवी. क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनाझोलसारखी औषधं लेव्हल वर नेतात, रिफॅम्पिसिन आणि फेनिटॉइन खाली पाडतात. दुसऱ्या डिपार्टमेंटने काही नवीन लिहिलं की आधी आम्हाला विचारा एवढं पेशंटला पाठ करून द्या.

वही

लॉगबुकमध्ये बघितलं, असिस्ट केलं, सीनियरच्या देखरेखीखाली केलं हे तीन वेगळे रकाने ठेवा आणि स्वतःशी प्रामाणिक राहा. पिशव्या, बंद करणं, बॅक टेबल, कॅन्युला, युरेटर, व्हेन, आर्टरी असा साधारण क्रम आहे, कोणाला दोन वर्षं लागतात, कोणाला चार, घाई करून आर्टरी आधी मागितलीत तर बॅक टेबलपण जातं. प्रत्येक एंट्रीपुढे एक रकाना रिकामा सोडा आणि दहा-पंधरा दिवसांनी कोऑर्डिनेटरला नाव-गाव न विचारता फक्त ग्राफ्टचं काय झालं ते विचारून भरा. माझ्या जुन्या वहीत त्या उजव्या किडनीपुढे वेगळ्या शाईत लिहिलंय, लोअर पोलर कापली, सांगितलं, उशिरा सांगितलं, आणि त्याखाली, युरेटर ठीक, लीक नाही, दहाव्या दिवशी क्रिएटिनिन १.४.